ट्रॅफिक सिग्नलमधले एलईडी दिवे: इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सिग्नलच्या दिव्यांबद्दल इंदुरातली मराठी मंडळी जे जे विचारतात, ते इथे एका ठिकाणी आणलं आहे. प्रश्न शक्यतो विचारले तसेच ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ‘वीज वाचते’ एवढं सांगून एलईडीचा विषय मिटत नाही. माझ्या मते वीज हा त्यातला सगळ्यात मोठा फायदासुद्धा नाही.

जुना सिग्नल आणि एलईडी सिग्नल यांत फरक काय? दिवा तो दिवाच ना?

जुन्या सिग्नलमध्ये प्रत्येक रंगाच्या मागे तारेचा एक बल्ब असे, मोठ्या सिग्नलमध्ये साधारण १०० वॉटचा. त्याच्या मागे चकचकीत परावर्तक आणि पुढे रंगीत काच. बल्बमधली तार तापून उजेड देते, पण तिला दिलेल्या विजेचा ९० टक्क्यांहून जास्त भाग नुसता उष्णतेत जातो. जो थोडा उजेड मिळतो त्यात सगळे रंग मिसळलेले असतात. लाल काच त्यातला लाल तेवढा बाहेर सोडते आणि बाकीचा गिळून टाकते. महागामोलाचा उजेड आधी तयार करायचा आणि मग त्यातला बहुतेक काचेतच जिरवायचा, असा तो कारभार होता.

एलईडीत तापणारी तार नसते. अर्धवाहकाच्या छोट्या तुकड्यातून वीज गेली की तो थेट ठरावीक रंगाचा उजेड देतो. रंग कोणता हे त्या पदार्थावर ठरतं: लाल आणि पिवळ्यासाठी ॲल्युमिनियम, इंडियम, गॅलियम आणि फॉस्फरस यांचं मिश्रण, हिरव्यासाठी इंडियम गॅलियम नायट्राइड. लाल हवा तर लालच तयार होतो, गाळायला काही उरत नाही. म्हणून १०० वॉटच्या बल्बचं काम १० ते १५ वॉटचा एलईडी संच करतो.

एका चौकामागे किती वीज वाचते? आकड्यात सांगा.

चार रस्त्यांचा चौक धरू. प्रत्येक रस्त्याला दोन सिग्नल, एक जवळ आणि एक पलीकडे, म्हणजे एकूण आठ. प्रत्येकात एका वेळी एकच रंग पेटलेला. जुन्या बल्बांवर आठ गुणिले १०० म्हणजे ८०० वॉट. दिवसाला १९ युनिटच्या थोडं वर, वर्षाला सुमारे ७,००० युनिट. एलईडी १२ वॉटचा धरला तर सगळे मिळून ९६ वॉट, वर्षाला साधारण ८४० युनिट. फरक सहा हजार युनिटच्या वर. हिशेबापुरता युनिटचा दर ८ रुपये धरला तर वर्षाला ४९ हजारांच्या आसपास रुपये वाचतात. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे चौकामागे वर्षाला चार टनांहून थोडा जास्त धूर कमी.

सिग्नल रात्री ब्लिंकरवर टाकला, म्हणजे नुसता लुकलुकत ठेवला, तर आकडे खाली येतील, बाणांचे वेगळे दिवे असतील तर वर जातील. पण प्रमाण तेच राहतं, आठास एक.

आता हे शहराच्या पातळीवर किती मोठं, तर फार नाही. इंदूरला विजेचा खरा खर्च येतो तो नर्मदेचं पाणी जलूदहून इथवर चढवण्याचा. तिथल्या ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी नगरनिगमनं २०२३ साली २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून कर्ज घ्यायचे रोखे) बाजारात आणले होते. त्या मापात सिग्नलचं बिल किरकोळच. नुसत्या बिलासाठी एलईडी लावले असं कोणी म्हणालं, तर त्याला पुढचं उत्तर वाचायला द्या.

मग खरा फायदा कोणता?

लाल दिवा विझत नाही, हा.

सिग्नलच्या तीन रंगांत काम सारखं वाटलेलं नसतं. आपल्याकडे बहुतेक मोठ्या चौकांत चारही बाजू एकेक करून सुटतात. १२० सेकंदांचा फेरा धरला आणि प्रत्येक बाजूला पिवळ्यासकट ३० सेकंद दिले, तर तुमच्या बाजूचा लाल दिवा १२० पैकी ९० सेकंद पेटलेला राहतो. दिवसाचे १८ तास, वर्षाचे साडेसहा हजार तास. सिग्नलसाठी खास बनवलेला तारेचा बल्ब साधारण आठ हजार तास चालायचा. म्हणजे सव्वा वर्षात लाल जाणार, आणि तोही अचानक. पिवळा मात्र फेऱ्यात तीन सेकंद पेटतो, वर्षाला दोनशे-सव्वादोनशे तास. त्याचा बल्ब वर्षानुवर्षं तसाच राही.

म्हणजे जो दिवा गेला तर सगळ्यात जास्त धोका, तोच सगळ्यात आधी जायचा. आणि लाल गेलेला सिग्नल पूर्ण बंद पडलेल्या सिग्नलपेक्षा वाईट. बंद सिग्नल दिसला की माणूस बिचकून हळू होतो. पण लाल गेलेला असेल तर तुमच्या बाजूला काहीच दिसत नाही, आणि आडव्या रस्त्यावरचा मात्र आपल्या हिरव्यावर भरोसा ठेवून भरधाव येत असतो.

एलईडी संचाचं आयुष्य ५० हजार तास किंवा त्याहून जास्त धरतात. त्याच लाल जागेवर हे साडेसात वर्षांच्या आसपास भरतं. शिवाय बल्ब बदलायला दर वेळी शिडीची गाडी आणायची, भर चौकात उभी करायची, एक लेन अडवायची आणि वर माणूस चढवायचा, हा सगळा खटाटोप कमी होतो. रीगल किंवा पलासियाच्या गजबजलेल्या चौकात दुपारी बाराला अशी गाडी उभी राहिली तर काय होतं, ते सांगायला नको.

अमेरिकेतल्या अनेक शहरांनी १९९० च्या दशकात आधी फक्त लालच बदलले होते. लाल जास्त वेळ पेटतो, म्हणून बचत तिथे जास्त. आणि त्या काळी लाल एलईडीच स्वस्त होते. पिवळे बल्ब कितीतरी ठिकाणी सगळ्यात शेवटी निघाले.

लाइट गेली तर एलईडी सिग्नलही बंदच पडणार ना?

मागे बॅटरी नसेल तर पडणारच. पण एलईडीमुळे बॅटरी लावणं परवडू लागलं.

घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी सगळ्यांच्या ओळखीची आहे. १२ व्होल्टच्या त्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात, हाती पडतात त्यातले बाराशेच्या आसपास. एलईडी चौकाला दिवे आणि कंट्रोलर (दिव्यांच्या वेळा सांभाळणारी पेटी) मिळून २०० वॉट धरले तर ती सहा तास ओढते. बल्बच्या चौकाला ९०० वॉट लागायचे, म्हणजे सव्वा-दीड तासात बॅटरी बसली, आणि इतका भार सतत टाकला की तिचं आयुष्यही घटतं. जून-जुलैत पहिल्या वादळी पावसाला फीडर, म्हणजे भागाला वीज देणारी लाइन, ट्रिप होतो ती वेळ नेमकी ऑफिस सुटायची असते. रस्ता ओला, अंधारून आलेलं, अशा वेळी भंवरकुआँचा सिग्नल दोन तास चालू राहणं ही छोटी गोष्ट नाही.

सोलरवर चालतात का?

चालतात. वरचाच २०० वॉटचा चौक घ्या, चोवीस तासांना पावणेपाच-पाच युनिट लागतील. आपल्या भागात एक किलोवॉटचं पॅनल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार-साडेचार युनिट देतं. म्हणजे सव्वा किलोवॉटच्या आसपास पॅनल पुरे, खांबाजवळ एवढी जागा काढता येते. श्रावणात मात्र सूर्य दडी मारतो, तेव्हा विजेची जोडणी आधाराला हवीच. नुसत्या सोलरच्या भरवशावर मोठा चौक सोडू नये, असं माझं मत. कॉलनीच्या तोंडाशी किंवा शाळेजवळ लुकलुकणारा पिवळा इशारा-दिवा असेल तर तो खुशाल सोलरवर टाकावा.

ऊन अंगावर आलं की कोणता दिवा पेटलाय तेच कळायचं नाही. एलईडीत ते सुधारलं का?

सुधारलं, पण यात दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात.

महात्मा गांधी रोडनं सकाळी पलासियाकडून राजवाड्याकडे निघालात तर सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि त्याचं ऊन समोरच्या सिग्नलच्या काचेत शिरतं. जुन्या सिग्नलमध्ये आत परावर्तक होता. ऊन त्यावर आपटून रंगीत काचेतून परत बाहेर यायचं, आणि न पेटलेला हिरवाही पेटल्यासारखा दिसायचा. एलईडी संचात तसा परावर्तक नसतो, आणि बऱ्याच संचांची पुढची काच रंगीतही नसते. त्यामुळे हा खोटा उजेड खूपच कमी झाला. मला विचाराल तर सुरक्षिततेच्या दृष्टीनं हा फायदा विजेच्या बचतीच्या वरचा.

संध्याकाळी त्याच रस्त्यानं त्याच दिशेला जा. आता सूर्य सिग्नलच्या मागे, तुमच्या थेट डोळ्यांत. इथे अडचण आहे मागच्या लख्ख आकाशाची. एलईडीचा रंग शुद्ध आणि उजेड सरळ पुढे टाकलेला, म्हणून थोडी मदत होते, पण खरा उपाय सिग्नलच्या मागे लावलेली काळी पाटी आणि प्रत्येक दिव्यावरची लांब टोपी. एलईडी लावताना ही पाटी काढून टाकली तर एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं घेतलं.

घरातला एलईडी बल्ब दोन वर्षांत जातो. सिग्नलचा सात-आठ वर्षं कसा टिकेल?

रास्त शंका. घरातला बल्ब जातो तेव्हा बहुतेक वेळा एलईडी जात नाही, जातो तो आतला ड्रायव्हर. घरात वीज २३० व्होल्टची एसी (दिशा पालटत राहणारी), आणि एलईडीच्या एकेका दाण्याला लागतात दोन-तीन व्होल्ट डीसी (एकाच दिशेची). हे रूपांतर करणारं छोटं सर्किट म्हणजे ड्रायव्हर. स्वस्त बल्बात त्याचा कपॅसिटर बंद प्लॅस्टिकमध्ये तापून तापून सुकतो, आणि दाणे चांगले असतानाही बल्ब कचऱ्यात जातो.

सिग्नलचा संच बनवताना उष्णता बाहेर टाकायची सोय करतात, पाणी-धूळ शिरू नये म्हणून तो सील करतात आणि वरच्या दर्जाचे भाग घालतात. निदान घालायला हवेत. सगळ्यात कमी भावाच्या निविदेला काम दिलं आणि माल तपासून घेतला नाही, तर सिग्नलचा एलईडीही घरच्या बल्बाच्याच वाटेनं जाईल. म्हणून खरेदीत वॉरंटीचे वर्ष आणि तापमानाची चाचणी ही दोन कलमं मी आधी वाचेन, भाव नंतर.

आणखी एक. एलईडी एकदम मरत नाही, म्हातारा होतो. उजेड वर्षावर्षानं घटत जातो. मूळ उजेडाच्या ७० टक्क्यांवर आला की त्याचं आयुष्य संपलं असं उद्योगात धरतात. पण रोज त्याच चौकातून जाणाऱ्याला हे उतरणं जाणवतच नाही. जुना बल्ब गेला की फोन यायचा. मंद झालेल्या एलईडीची तक्रार कोणी करत नाही. त्यामुळे कॅलेंडर बघून ते बदलावे लागतात, आणि हे काम आपल्याकडे कागदावर राहण्याची शक्यता जास्त.

मुलगा टोरांटोला असतो. तो म्हणतो तिकडे एलईडी सिग्नलवर बर्फ साचतो. खरंय का?

खरंय. बल्बची उष्णता काचेवरचा बर्फ वितळवायची. एलईडीचा समोरचा भाग गारच राहतो, वाऱ्यानं आलेला बर्फ चिकटून बसतो आणि रंग झाकतो. थंड देशांत त्यासाठी वेगळ्या आकाराच्या टोप्या किंवा तापणाऱ्या काचा लावतात.

आपलं दुखणं उलट. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात तापलेल्या सिग्नलच्या डब्याच्या आत तर त्याहून बराच वर जातो. एलईडीला बाहेरची उष्णता सोसत नाही: उजेड घटतो आणि आयुष्यही. त्यात लाल आणि पिवळ्याचा उजेड गरमीनं हिरव्यापेक्षा जास्त पडतो. म्हणजे नेमका लालच दुपारी दोनला जरा मलूल. चांगला संच हे गृहीत धरून बनवलेला असतो.

पावसात, विजा चमकतात तेव्हा काय?

पाणी शिरलं तर ड्रायव्हर संपला, म्हणून सील महत्त्वाचं. विजेचा लोळ प्रत्यक्ष खांबावर पडायची गरज नसते. जवळपास पडली तरी तारांतून व्होल्टेजचा धक्का येतो. जुनी तार तो पचवायची, इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हरला तो जड जातो. सर्ज प्रोटेक्शन आणि नीट अर्थिंग हा त्यावरचा इलाज. खांबाचं अर्थिंग पावसाळ्यापूर्वी तपासणं हे एलईडी असो वा नसो, माणसांसाठीही करायलाच हवं.

हिरवा दिवा निळसर का दिसतो? मला तर तो फिरोजी वाटतो.

तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्या लोकांची संख्या, विशेषतः पुरुषांत, कमी नाही. शुद्ध गवती हिरवा त्यांना लाल-पिवळ्याच्या जवळचा वाटतो. त्यात निळ्याची झाक आली की फरक कळतो. एलईडीत हे जमवणं सोपं, कारण पदार्थाचं प्रमाण बदललं की रंग हवा तिथे आणता येतो. उजेडाच्या तरंगलांबीत सांगायचं तर सिग्नलचा हिरवा साधारण ५०० नॅनोमीटरच्या आसपास असतो, लाल ६२० च्या पुढे. शिवाय लाल नेहमी वर आणि हिरवा खाली, हा क्रमही त्यांच्या उपयोगाचा. आडव्या सिग्नलमध्ये तो आधार तुटतो.

काही सिग्नलमध्ये दाणे दाणे दिसतात, काहींत सलग गोल. कोणते चांगले?

दाणेदार म्हणजे जुनी पिढी: शंभर-दोनशे छोटे एलईडी पसरून लावलेले. सलग दिसणाऱ्यात मध्यभागी थोडेच पण ताकदवान एलईडी असतात आणि पुढची लेन्स त्यांचा उजेड पूर्ण गोलात पसरवते. दिसायला दुसरे नीट, लांबून बाणही त्यात स्वच्छ ओळखू येतो.

दाणेदार संचाची एक खोड माहीत असलेली बरी. त्यातले दाणे दिवाळीच्या माळेसारखे ओळीनं जोडलेले असतात. एक गेला की त्याच्या साखळीतले सगळे विझतात, बाकीच्या साखळ्या चालू राहतात. म्हणून अर्धवट गोल किंवा काळे पट्टे दिसतात. पूर्ण अंधारापेक्षा हे बरंच, पण दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

मोबाईलवर व्हिडिओ काढला तर सिग्नल लुकलुकतो, कधी चक्क विझलेला दिसतो. चलान आलं तर?

डोळ्याला जे दिसलं तेच खरं होतं, सिग्नल पेटलेलाच होता. आपल्या विजेचे सेकंदाला ५० फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात तिची दिशा दोनदा पालटते. साध्या ड्रायव्हरचा एलईडी त्यामुळे सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. तारेचा बल्बही हेच करायचा, पण तापलेली तार मधल्या क्षणात गार होत नसे. एलईडी मात्र लगेच विझतो आणि लगेच पेटतो. डोळ्याला हा वेग पकडता येत नाही. कॅमेरा भर उन्हात प्रत्येक चित्रासाठी अगदी क्षणभर उघडतो. तो क्षण नेमका विझलेल्या अवस्थेवर पडला की चित्रात सिग्नल काळा. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेत असेल तर ही जुळणी बराच वेळ टिकते आणि गाडीतल्या डॅशकॅममध्ये सिग्नल काही सेकंद बंदच दिसतो. ड्रायव्हर चांगला असेल आणि एलईडीला सपाट डीसी मिळत असेल तर हा प्रकार होत नाही.

चलानच्या बाबतीत डॅशकॅमची एकच फ्रेम दाखवून ‘लाल नव्हताच’ म्हणण्यात अर्थ नाही, आणि लाल तोडणं हे आता मोटार वाहन कायद्याच्या १८४ कलमात धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं आहे. पूर्ण व्हिडिओ जपून ठेवा, आधीच्या-नंतरच्या सेकंदांतून खरं काय ते कळतं.

सेकंद दाखवणारे टायमर एलईडीमुळेच आले ना? ते चांगले की वाईट?

हो, बल्बाचे आकडे करून लावणं व्यवहार्य नव्हतं. चांगलं हे की नव्वद सेकंद दिसले की समंजस माणूस गाडी बंद करतो. वाईट हे की तीन उरले की मागून हॉर्न सुरू आणि शून्याच्या आधीच पुढची रांग झेब्रा क्रॉसिंगच्या पलीकडे. हिरव्याचा टायमर मला त्याहून नकोसा वाटतो: चार सेकंद दिसले की लोक ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतात.

जिथे सिग्नल गर्दी मोजून वेळ कमी-जास्त करतो, तिथे टायमरला आधी आकडा सांगताच येत नाही. मग तो बंद ठेवतात किंवा तो मध्येच उड्या मारतो. टायमर बंद दिसला म्हणजे बिघडलाच असं नाही.

एलईडी आले तरी पलासियाला थांबावं तेवढंच लागतं. मग आम्हाला काय मिळालं?

थांबायचा वेळ दिवा ठरवत नाही, खालच्या पेटीतला कंट्रोलर ठरवतो. कंट्रोलरमध्ये वेळा चुकीच्या भरल्या असतील तर जगातला सगळ्यात उत्तम एलईडी तुम्हाला तितकंच उभं करेल, फक्त स्वच्छ दिसणाऱ्या लालपुढे. आणि डावीकडे वळणाऱ्यांची वाट सरळ जाणाऱ्यांनी अडवून ठेवली तर त्यावर कोणताच दिवा चालत नाही. एलईडीचा ढोल वाजवताना हे लोकांना सांगितलं जात नाही, म्हणून मग अपेक्षाभंग होतो.

मग चौकातला ट्रॅफिक पोलीस जाणार का?

हायकोर्ट चौकात मूनवॉक करत गाड्या थांबवणारा आपला हवालदार देशभर गाजला तो दिवे नव्हते म्हणून नाही. अँब्युलन्सला वाट काढून देणं, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची मिरवणूक, रंगपंचमीची गेर, अचानक अडकलेला ट्रक, हे सगळं माणूसच बघतो.

जुन्या डब्यातच एलईडी बसतात का?

बहुधा बसतात. सिग्नलचे गोल ठरलेल्या मापांचे असतात, २०० आणि ३०० मिलिमीटर, आणि एलईडी संच त्याच मापात मिळतात. खांब, डबा, तारा तशाच ठेवून आतलं बदलता येतं.

घोळ होतो तो जुन्या कंट्रोलरशी. त्याचे इलेक्ट्रॉनिक स्विच बंद असतानाही किंचित वीज गळू देतात. १०० वॉटच्या बल्बाला तिचं काही वाटत नसे, पण एलईडी तेवढ्यावरही मिणमिणतो. मग रात्री लालबरोबर हिरवाही अंधुक पेटलेला दिसतो. दुसरं, काही कंट्रोलर बल्ब गेला की नाही हे वाहणाऱ्या विजेवरून ओळखतात. एलईडी इतकी कमी वीज घेतो की कंट्रोलरला वाटतं दिवा गेला, आणि तो अख्खा चौक ब्लिंकरवर टाकतो. दोन्हींवर इलाज आहेत, फक्त ते काम देण्याआधी विचारात घ्यायला हवेत.

हे तंत्र इतकं चांगलं, तर इतक्या उशिरा का आलं?

हिरव्यासाठी अडलं होतं. डोळ्याला दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६२ सालीच करून दाखवला. पण लख्ख निळा आणि खरा हिरवा द्यायला योग्य पदार्थ हाती येईना. तो अवघड भाग इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि निचिया कंपनीतले शूजी नाकामुरा यांनी सोडवला. १९९० च्या दशकात प्रखर निळे आणि पाठोपाठ हिरवे एलईडी बाजारात आले. त्या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

रात्री डोळ्यांत खुपतात. काही करता येतं का?

येतं. दुपारच्या उन्हात दिसावा म्हणून ठेवलेला उजेड रात्री रिकाम्या रस्त्यावर जास्तच होतो, वयस्कर डोळ्यांना आणि मोतीबिंदू असलेल्यांना विशेष. अंधार पडला की आपोआप मंद होणारे संच असतात. तारेचा बल्ब मंद केला की पिवळा पडायचा, एलईडी मंद करूनही रंग तोच राहतो. नवी खरेदी करताना ही सोय मागून घ्यावी.

काढलेले जुने संच कुठे जातात?

एलईडीत ट्यूबलाइटसारखा पारा नसतो, पण सर्किट असतं, त्यामुळे ते ई-कचऱ्यात मोडतं. नव्या ई-कचरा नियमांनुसार, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. २०१७ पासून स्वच्छतेत नंबर काढणाऱ्या शहराला हे वेगळं सांगायला लागू नये.

दिवा बिघडलेला दिसला तर तक्रार कशी करावी?

चौकात हजर असलेल्या ट्रॅफिक पोलिसाला सांगा किंवा निगमच्या ‘इंदौर ३११’ ॲपवर टाका. ‘गीताभवनचा सिग्नल खराब’ एवढंच लिहिलं तर येणाऱ्याला बारा-सोळा दिवे तपासत बसावं लागतं. चौकाचं नाव, तुम्ही कुठून कुठे जात होतात, जवळचा सिग्नल की पलीकडचा, कोणता रंग, आणि तो पूर्ण बंद आहे, अर्धा पेटतो की मिणमिणतो, एवढं लिहा. फोटो काढाल तर दोन-तीन काढा. वर सांगितलेल्या कारणानं एखाद्या फोटोत चांगला दिवाही विझलेला येईल. आणि लाल बंद असेल तर ॲपवर टाकून थांबू नका, पोलिसांना लगेच फोन करा.